जमिनीत मुरलेलं पेट्रोल: काय उपसायचं, काय उडवायचं, काय जिरू द्यायचं

जलधर (धागाकर्ता)

जमिनीखालची टाकी किंवा पाइप गळल्याचं कळलं की पहिला प्रश्न बहुधा पंपाचा येतो. किती अश्वशक्तीचा लावू, दिवसाला किती पाणी उपसू? हा प्रश्न पाचवा-सहावा असायला हवा, म्हणून हा धागा. त्याआधी पेट्रोल कुठे आणि कुठल्या अवस्थेत बसलंय ते माहीत हवं.

पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं, घनता ०.७२ ते ०.७७. ते झिरपत खाली येतं आणि भूजल पातळीला टेकलं की आडवं पसरतं. तोवर त्याच्या चार वाटण्या झालेल्या असतात. काही कणांच्या फटींत थेंबाथेंबाने अडकलेलं, काही पातळीवर मोकळं तरंगणारं, काही पाण्यात विरघळलेलं, काही मातीतल्या हवेत वाफ होऊन राहिलेलं. वजनाने बघितलं तर बहुतेक माल पहिल्या दोन वाटण्यांत असतो. विरघळलेला भाग किरकोळ, पण बोंब त्याचीच होते, कारण त्यात कर्करोगकारक बेंझीन असतं.

शुद्ध बेंझीन लिटरभर पाण्यात सुमारे १,७८० मि.ग्रॅ. विरघळतं. पेट्रोलमध्ये ते १ टक्का धरलं तर पेट्रोलला खेटून असलेल्या पाण्यात १८ मि.ग्रॅ.च्या आसपास उतरतं. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम आहे, अमेरिकेची ५, युरोपीय संघाची १. सगळ्यांत सैल मर्यादा घेतली तरी १,८०० पट.

आता अडकलेल्या मालाचा हिशेब. एक घनमीटर वाळूत ३५ टक्के पोकळी, आणि तिच्यातली १० टक्के जागा पेट्रोलने अडवली, तर ते ३५ लिटर झालं. केशाकर्षणाने धरून ठेवलेलं हे पेट्रोल कुठल्याही पंपाला दाद देत नाही. शेजारून वाहणारं पाणी त्यातलं बेंझीन चिमूट चिमूट धूत राहतं, वर्षानुवर्षं. म्हणून नुसतं पाणी उपसत बसणं म्हणजे साबणाची वडी नळाखाली ठेवून फेस गोळा करण्यासारखं आहे.

ज्यांनी ज्या यंत्रणा चालवल्या आहेत त्यांनी त्यातले आकडे आणि खाचखळगे लिहा. भूगर्भ बदलला की उत्तर बदलतं, तेव्हा वाळू, गाळ की चिकणमाती ते सांगायला विसरू नका.

---

पंपवाले_नाना

सुरुवात बरोबर आहे, पण मोकळं पेट्रोल असेल तर पंप लागतोच. तो पाण्याचा नको, एवढंच.

विहिरीत इंटरफेस प्रोब सोडा. पेट्रोलला लागला की एक सूर, पाण्याला लागला की दुसरा. दोन्हींतला फरक म्हणजे विहिरीतल्या थराची जाडी. ही जाडी जमिनीतल्या पेट्रोलची नव्हे. विहीर म्हणजे मोकळी नळी, तिथे केशाकर्षण नाही, म्हणून आजूबाजूचं पेट्रोल तिच्यात येऊन साचतं आणि आपल्या वजनाने पाणी खाली दाबतं. बारीक मातीत हा फुगवटा फारच मोठा. जुने लोक सरसकट ‘चाराने भागा’ म्हणायचे, तो नियम सोडून द्या. कणांचा आकार बदलला की भाजक बदलतो.

खरी माहिती बेलरने (विहिरीत सोडायच्या नळीसारख्या बादलीने) उपसून मिळते. विहिरीतला थर काढून टाका, मग १, २, ५, १०, ३० मिनिटांनी आणि पुढे दर काही तासांनी जाडी मोजा. पटकन भरून आला तर पेट्रोल हलतं आहे. दोन दिवसांनी बोटभर आला तर स्किमर (फक्त वरचं पेट्रोल ओढणारा पंप) विकत घेण्यात अर्थ नाही. यातून पेट्रोलची पारगम्यता काढतात. ती दिवसाला ०.१ ते ०.८ चौरस फुटांच्या खाली गेली की उपशाने फार काही हाती लागणार नाही असं मानायची पद्धत आहे.

स्किमर लावलात तर पाण्याची पातळी मुद्दाम फार खाली ओढू नका. खड्डा केला की पेट्रोल पटापट येतं हे खरं, पण ते खाली उतरून स्वच्छ वाळू चोपडतं. पंप बंद केला, पाणी वर आलं, की तो नवा चोपडलेला पट्टा पाण्याखाली गाडला जातो. सुटं होतं ते आपणच अडकवून ठेवलं.

निर्वात पंपाने वरून ओढायचं असेल तर हवेचा दाब जास्तीत जास्त १०.३ मीटर पाणी उचलतो, प्रत्यक्षात सात-आठ. त्याखालची पातळी असेल तर नळीचं तोंड पेट्रोलच्या वरच्या कडेला ठेवून हवेबरोबर शिंतोडे ओढावे लागतात. नळी सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर खाली-वर झाली तरी एक तर नुसती हवा येते नाहीतर नुसतं पाणी. रोज बघावं लागतं.

---

नवी_विहीर

एक शंका. उन्हाळ्यात निरीक्षण विहिरीत ३०-४० सें.मी. थर दिसतो आणि पावसाळ्यात काहीच नाही. मग पावसाने साफ झालं असं अहवालात लिहिलं तर चूक का?

---

जलधर

चूक, आणि ही चूक सर्रास होते. पातळी वर चढली की पाणी पेट्रोलला वेढून थेंबांमध्ये कोंडतं. थेंब तुटक झाले, वाहायचे थांबले, विहिरीत यायचे बंद झाले. पातळी खाली गेली की हवा आत शिरते, थेंब पुन्हा जोडले जातात आणि विहिरीत थर येतो. माल तेवढाच आहे.

अहवालात जाडीच्या आलेखाखाली पाण्याच्या पातळीचा आलेख त्याच तारखांना काढा. दोन्ही एकमेकांच्या उलट चालताना दिसतील. पातळीचा वर्षभराचा चढ-उतार २ मीटर असेल तर चोपडलेला पट्टाही निदान २ मीटर जाड आहे असं समजून आखणी करा. मातीचे नमुने पातळीच्या वर थांबवू नका, सगळ्यांत खालच्या पातळीच्याही मीटरभर खाली जा. पेट्रोल तिथे असतं आणि नमुना मात्र वर संपलेला असतो, असे कितीतरी नकाशे असतात.

---

मीटरताई

नमुन्यांचा विषय निघाला म्हणून मध्येच लिहिते.

मातीचा गाभा (बोअरमधून सलग निघणारा दंडगोल) बाहेर काढल्यावर दर ३० सें.मी.ला थोडी माती पिशवीत घ्या, तोंड बांधा, कुस्करा, दहा मिनिटं सारख्या तापमानाला ठेवा आणि मग पीआयडीचं, म्हणजे अतिनील दिव्याने वाफ मोजणाऱ्या मीटरचं, टोक घुसवा. हा आकडा तुलनेसाठी, कुठला तुकडा प्रयोगशाळेत पाठवायचा ते ठरवायला. पाठवायची माती मात्र त्या पिशवीतली नको. ती गाभ्यातून लगेच, न कुस्करता, छोट्या सिरिंजसारख्या नळीने साधारण ५ ग्रॅम काढून थेट मिथेनॉल असलेल्या बाटलीत. बरणीत चमच्याने माती भरून पाठवली तर बेंझीन वाटेत उडून जातं आणि अहवाल सुंदर येतो.

पाण्यासाठी ४० मि.लि.ची बाटली, हायड्रोक्लोरिक आम्लाने पीएच २ च्या खाली, ४ अंश सेल्सिअस, १४ दिवसांच्या आत तपासणी. बाटली काठोकाठ भरून झाकण लावा, उलटी करून टिचकी मारा. बुडबुडा दिसला तर ती बाटली बाद, दुसरी घ्या. उपसा मिनिटाला १०० ते ५०० मि.लि., आणि पातळी १० सें.मी.हून जास्त खाली जाऊ द्यायची नाही. पीएच, वाहकता, विरघळलेला ऑक्सिजन लागोपाठ तीन वाचनांत स्थिर झाले की नमुना. बेलर दाणकन सोडून खळबळ केली तर पाण्याऐवजी गाळाला चिकटलेलं पेट्रोल मोजलं जाईल.

पीआयडी मिथेन बघू शकत नाही. नेहमीचा दिवा १०.६ इलेक्ट्रॉनव्होल्टचा, बेंझीनला ९.२४ पुरतात, मिथेनला १२.६ लागतात. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल सांडलं असेल तर मिथेन तयार होतोच, आणि पीआयडी शून्य दाखवत असताना खड्ड्यात स्फोटक हवा असू शकते. सोबत ज्वलनशील वायूचा मीटर हवाच.

आणखी एक. जागा शिसंयुक्त पेट्रोलच्या काळातली असेल तर इथिलीन डायब्रोमाइड तपासा. शिसं इंजिनात साचू नये म्हणून ते घालत. अमेरिकेची मर्यादा लिटरला ०.०५ मायक्रोग्रॅम, म्हणजे बेंझीनच्या शंभरावा हिस्सा. नेहमीच्या बीटीईएक्स (बेंझीन, टोल्युइन, इथिलबेंझीन, झायलीन) तपासणीची पकड तिथवर पोचत नाही, ‘आढळले नाही’ असा शेरा मिळतो. वेगळी पद्धत स्पष्ट लिहून मागवावी लागते.

---

खोदकामी

वाचनखूण साठवली. मिथेनॉलचा मुद्दा सोन्यासारखा.

---

वाफवाला

आता मुख्य कामाकडे. मातीतली वाफ ओढून घेणं, म्हणजे व्हेपर एक्स्ट्रॅक्शन. पेट्रोल उडतं, हा त्याचा अवगुणही आहे आणि आपली सोयही. बेंझीनचा बाष्पदाब २५ अंशाला सुमारे ९५ मि.मी. पारा, टोल्युइनचा २८. अर्धा मि.मी.च्या वर असलेलं काहीही या पद्धतीने निघतं. वाळू आणि भरड गाळात उत्तम, ओल्या चिकणमातीत जवळपास निरुपयोगी.

विहीर ५० ते १०० मि.मी. पीव्हीसी, जाळीचा भाग भूजल पातळीच्या थोडा खालून सुरू आणि वर जमिनीपासून निदान दीड मीटर आधी संपलेला. त्यावर बेंटोनाइटचा (पाण्याने फुगणाऱ्या चिकणमातीचा) थर, वर सिमेंट ग्राउट. ही सील कच्ची राहिली की ब्लोअर चक्क वरची स्वच्छ हवा पितो. मीटरवर प्रवाह छान दिसतो आणि धुराड्यात काही नसतं. वरची जमीन उघडी असेल तर प्लास्टिक अंथरा.

निर्वात वाढवला की काम वाढतं हा समज काढून टाका. १० किलोपास्कल निर्वात म्हणजे विहिरीतलं पाणी १ मीटर वर. पाण्याच्या वर जाळी उरलीच १ मीटर असेल तर तुम्ही स्वतःच ती बुडवली. ब्लोअर गुरगुरतो, पाण्याचा सापळा तासातासाला भरतो, वाफ शून्य. अशा जागी कमी निर्वाताच्या जास्त विहिरी लावा किंवा सोबत पाण्याचा छोटा पंप चालवा. सापळ्याला उंच पातळीचा स्विच हवा आणि त्याने ब्लोअर बंद झाला पाहिजे, नाहीतर पाणी पंख्यात.

आवाक्याची त्रिज्या शेवटच्या निरीक्षण नळीत किंचित निर्वात दिसला म्हणून काढू नये. हवा किती वेळा बदलते ते बघा. १० मीटर त्रिज्या, ३ मीटर जाडी, म्हणजे ९४० घनमीटर माती. हवेची पोकळी २५ टक्के धरली तर २३५ घनमीटर. मिनिटाला ३ घनमीटर ओढले तर दिवसाला ४,३२०, म्हणजे हवा रोज १८ वेळा बदलली. हे पुरे आहे.

सुरुवातीला त्या हवेत घनमीटरला १० ग्रॅम पेट्रोल असलं तर दिवसाला ४३ किलो निघालं. सक्रिय कार्बनने वजनाच्या १० टक्के पकडलं असं माना, तर रोज ४३० किलो कार्बन. परवडत नाही. म्हणून सुरुवातीला जाळणारी भट्टी, मग उत्प्रेरकवाली, आणि शेवटच्या पातळ वाफेला कार्बन. कार्बनआधी हवा किंचित गरम करा. सापेक्ष आर्द्रता ५० टक्क्यांच्या वर असली की कार्बन पाणीच जास्त पकडतो.

तेच १० ग्रॅम म्हणजे अंदाजे ३,००० पीपीएम, पेट्रोलच्या खालच्या स्फोटमर्यादेच्या पाचव्या हिश्शाजवळ. ती मर्यादा १.४ टक्के. ताजी गळती असली की पहिल्या दिवशी वाफ याच्या कितीतरी वर येते, म्हणून भट्टीआधी स्वच्छ हवेचा झडप ठेवा आणि मर्यादेच्या २५ टक्क्यांवर आपोआप पातळ होईल अशी जोडणी करा. ब्लोअरची मोटर, स्विच, दिवे सगळं ज्वालारोधक.

---

वाळूचे_कण

वाफवाल्यांच्या यंत्रणेने पाण्याच्या वरचं निघालं. खाली गाडलेल्या पट्ट्याला एअर स्पार्जिंग, म्हणजे पाण्याखाली हवा सोडणं. हवा वर जाताना बेंझीन बरोबर नेते आणि ऑक्सिजन मागे ठेवते.

दाबाचा हिशेब आधी करा. जाळीचं वरचं टोक पाण्याखाली ३ मीटर, तर पाण्याचा दाब ३ गुणिले ९.८, सुमारे २९ किलोपास्कल. हवा शिरायला वाळूत वरचे थोडे, बारीक गाळात बरेच जास्त. आता वरची कमाल. पाणी ४ मीटरवर असेल तर जाळी ७ मीटरवर. ४ मीटर ओलसर माती १७ ने, ३ मीटर संपृक्त माती २० ने, एकूण १२८ किलोपास्कल मातीचं वजन. त्याच्या ६० टक्के, म्हणजे ७७ च्या वर कधीही जाऊ नका. गेलात तर जमीन चिरते, आणि एकदा चीर पडली की पुढची सगळी हवा त्याच वाटेने. ती विहीर कामातून गेली.

जाळी अगदी आखूड, अर्धा मीटर. लांब जाळीत हवा फक्त वरच्या टोकातून निघते, कारण तिथे पाणी कमी. प्रत्येक विहिरीला मिनिटाला १५० ते ५०० लिटर. कॉम्प्रेसर तेलविरहित, आणि त्यापासूनचे पहिले काही मीटर लोखंडी पाइप, कारण दाबलेल्या गरम हवेने पीव्हीसी मऊ पडतं.

हवा बुडबुड्यांनी सगळीकडे पसरते असं चित्र छापलेलं असतं. वाळूत ती बोटभर वाटा शोधून त्यांतूनच जाते. म्हणून सतत चालवण्यापेक्षा काही तास चालू, काही तास बंद. प्रत्येक वेळी वाटा थोड्या ढासळतात आणि पाणी मिसळतं. शेजारच्या निरीक्षण विहिरीत खळखळाट आणि ८ मि.ग्रॅ. ऑक्सिजन दिसला म्हणून खूश होऊ नका, हवेने त्या विहिरीचाच शॉर्टकट घेतलेला असतो. दहा पावलांवरच्या मातीत २ मि.ग्रॅ.सुद्धा नसेल.

दोन ठिकाणी हे करूच नये. मोकळं पेट्रोल तरंगत असताना, कारण हवा ते बाजूला ढकलते. आणि वर चिकणमातीचा सलग थर असताना, कारण वाफ त्याखालून आडवी सरकते आणि कुणाच्या तळघरात निघते ते सांगता येत नाही. वर ओढायची हवा खाली सोडलेल्या हवेच्या दुप्पट तरी हवी.

---

रसायनी

हे सगळं महिनोन्‌महिन्यांचं काम. पर्सल्फेट (ऑक्सिडीकरण करणारं मीठ) किंवा फेंटन अभिक्रियेने (पेरॉक्साइड आणि लोह) काही आठवड्यांत का संपवू नये?

---

सूक्ष्मजीवी

रसायनीसाहेब, मोकळ्या किंवा अडकलेल्या पेट्रोलवर नका करू. कागदावरचा हिशेब बघा. पेट्रोलचा एक ग्रॅम पूर्ण जाळायला सुमारे ५० ग्रॅम सोडियम पर्सल्फेट. एक लिटर पेट्रोल ७४० ग्रॅम, म्हणजे ३७-३८ किलो. वर जलधरांनी एका घनमीटरात ३५ लिटर धरलेत. १,३०० किलो मीठ एका घनमीटरात घालणार का? शिवाय मातीतला सेंद्रिय भाग आणि चुनखडी आपला वाटा आधी खातात.

फेंटनचं तर आणखी. १० टक्के पेरॉक्साइडचं १०० लिटर द्रावण घातलंत, तर त्यातल्या दहा-साडेदहा किलो पेरॉक्साइडपासून साडेतीन घनमीटरपर्यंत ऑक्सिजन वायू सुटू शकतो, आणि वर सुमारे ३० मेगाज्यूल उष्णता. म्हणजे जमिनीत गरम, ऑक्सिजनने भरलेली, पेट्रोलच्या वाफेची हवा. टाकी, गटार किंवा केबलचा चर जवळ असेल तर हा विचारसुद्धा नको. परमँगनेट सोपं म्हणून कोणी सुचवेल, पण ते बेंझीनला फारसं चावत नाही.

रसायनाची जागा शेवटी आहे. माल निघाल्यावर विरघळलेला हट्टी डाग राहतो, तिथे पर्सल्फेट चालेल. पीएच घसरतो आणि लोखंडी पाइप गंजतात ते लक्षात ठेवून.

आता माझ्या गड्यांविषयी. पेट्रोल खाणारे जीवाणू जमिनीत आधीच असतात, बाटलीतले विकत घेऊ नका. त्यांना अडतं ते ऑक्सिजनवाचून. एका ग्रॅम पेट्रोलला सुमारे ३.५ ग्रॅम ऑक्सिजन लागतो, म्हणजे लिटरभर पेट्रोलला २.६ किलो. हवा खेळवलेल्या पाण्यात लिटरला ९ मि.ग्रॅ. मावतो. तेव्हा पाण्यातून पुरवायचा तर २ लाख ९० हजार लिटर पाणी ओता. एका घनमीटर हवेत पाव किलोहून थोडा जास्त ऑक्सिजन असतो. साडेनऊ घनमीटर हवेत काम झालं! बायोव्हेंटिंगचं, म्हणजे जीवाणूंसाठी मातीत हवा खेळवण्याचं, सगळं गणित या एका तुलनेत आहे. पाण्याच्या वरची माती असेल तर हवा द्या, आणि अगदी सावकाश द्या, मातीतल्या हवेत ऑक्सिजन ५ टक्क्यांच्या वर राहील इतकीच. जोरात दिलीत तर जीवाणूंनी खाण्याआधी वाफ वर जाईल. इमारतीजवळ हवा ढकलू नका, ओढा.

जीवाणू काम करताहेत का ते बघायला ब्लोअर बंद करून मातीतला ऑक्सिजन मोजत राहा, पहिल्या दिवशी दर दोन-चार तासांनी. २१ वरून दिवसाला एक टक्का उतरला तर, २५ टक्के हवेची पोकळी धरून, किलोभर मातीत रोज अंदाजे ०.६ ते ०.७ मि.ग्रॅ. पेट्रोल खाल्लं गेलं. हीच चाचणी स्वच्छ मातीतल्या एका नळीत करा आणि तिथला उतार वजा करा, कारण झाडांची मुळं आणि साधं कुजणंही ऑक्सिजन घेतं. आकडा शून्याजवळ आला आणि पेट्रोल शिल्लक असेल तर माती बहुतेक फार कोरडी झाली आहे.

पाण्याखाली ऑक्सिजन संपल्यावर नायट्रेट, मग लोह, मग सल्फेट, शेवटी मिथेन. एक ग्रॅम बेंझीनला ४.६ ग्रॅम सल्फेट पुरतो, आणि तो पाण्यात ऑक्सिजनपेक्षा कितीतरी जास्त विरघळतो. काम सावकाश, पण होतं.

इथेनॉलविषयी मीटरताईंनी लिहिलंच. जीवाणू इथेनॉलवर आधी तुटून पडतात, असलेला ऑक्सिजन फस्त करतात, बेंझीनची पाळी येईपर्यंत ताट रिकामं. म्हणून अशा पेट्रोलचा बेंझीनचा पट्टा (भूजलाबरोबर पुढे सरकणारा विरघळलेला भाग) जास्त लांब जातो.

---

रसायनी

३७ किलोचा आकडा तपासला, बरोबर आहे. पेट्रोलला सरासरी सीएच-२ धरलं की निघतो. मुद्दा मागे घेतो.

---

खोदकामी

गळती उथळ, माल ४-५ मीटरच्या आत आणि वर इमारत नसेल तर खणून काढणं अजूनही सगळ्यांत खात्रीचं. पण टाकी काढताना घाई नको. उरलेलं पेट्रोल उपसा, मग दर १,००० लिटर क्षमतेला १.८ किलो कोरडा बर्फ फोडून टाका. विझवायच्या सिलिंडरमधला कार्बन डायऑक्साइड सोडू नका, त्याच्या झोताने स्थिर विद्युत तयार होते. ज्वलनशील वायूचा साधा मीटर ऑक्सिजन नसलेल्या हवेत खोटा कमी आकडा दाखवतो, म्हणून बर्फ टाकल्यावर ऑक्सिजन मोजा. तळाशी, मध्ये आणि वर, तिन्हीकडे ८ टक्क्यांखाली हवा. काही तासांनी बर्फ संपतो आणि हवा परत शिरते, उचलायच्या आधी पुन्हा मोजा.

बाहेर काढलेली माती जागेवरच ढिगात शिजवता येते. ढीग २ ते अडीच मीटर उंच, मध्ये भोकांचे पाइप, वर आच्छादन, कार्बन-नत्र-स्फुरद १००:१०:१, मूठ दाबल्यावर गोळा व्हावा पण पाणी गळू नये इतकी ओल. युरिया एकदम ओतू नका, अमोनियाने जीवाणूच मरतात. दोन-तीनदा विभागून.

---

पंपवाले_नाना

पाणी उपसून शुद्ध करण्याविरुद्ध एवढं झालं, म्हणून त्या पद्धतीची बाजू. पट्टा कुणाच्या पिण्याच्या विहिरीकडे निघाला असेल तर अडवायला उपसा लागतोच. तेव्हा उद्देश सफाई नाही, कुंपण आहे, हे कागदावर लिहून ठेवा.

पाण्यात लोह असलं की स्ट्रिपरचे (उपसलेल्या पाण्यातून हवा सोडून बेंझीन उडवणाऱ्या यंत्राचे) ट्रे तांबड्या चिखलाने भरतात. भूजलात लोह विरघळलेलं असतं, हवा लागली की गंज. पंधरा दिवसांत दाब वाढतो, लोक ब्लोअरला दोष देतात. आधी लोह मोजा आणि गाळण लावा.

एमटीबीई (पेट्रोलचा ऑक्टेन वाढवायला मिसळलेलं रसायन) असेल तर सगळे आकडे बदला. बेंझीन पाण्यातून हवेत जायला जितकं राजी, एमटीबीई त्याच्या साधारण दहाव्या हिश्शाने. बेंझीनला चालणारी हवा त्याला पुरत नाही आणि कार्बनमधूनही तो लवकर निसटतो. मातीलाही चिकटत नाही, पाण्याच्या वेगाने पळतो. १९९६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिका शहराला त्याच्यामुळेच पिण्याच्या विहिरी बंद कराव्या लागल्या. कार्बनच्या दोन टाक्या एकामागे एक ठेवा, नमुना मधल्या नळातून घ्या. पहिलीतून निसटायला लागलं की दुसरी पुढे आणा, नवी मागे लावा.

---

नवी_विहीर

आणि थांबायचं कधी? वाफ कमी झाली, पाण्यात बेंझीन ३ मायक्रोग्रॅम आलं, की यंत्रणा उचलायची का?

---

वाफवाला

चालू यंत्रणेत घेतलेला नमुना थांबण्यासाठी ग्राह्य धरू नका. हवा मोठ्या वाटांतून जाते आणि तिथलं संपलेलं असतं, बारीक गाळातलं मात्र हळूहळू झिरपत बाहेर येतं. बंद करा, महिनाभर थांबा, पुन्हा मोजा. वाफ परत उसळली तर चालू-बंद पद्धतीने पुढे चालवा, वीजही वाचते. बंद ठेवून निदान एक पूर्ण वर्ष, म्हणजे पातळीचा एक पूर्ण चढ-उतार, दर तीन महिन्यांनी नमुने. सगळ्यांत खालच्या पातळीला आकडा वर उडी मारत नसेल तर बोला.

---

जलधर

त्यात भर. उरलेलं निसर्गावर सोडायचं असेल तर ते नुसतं सोडून देणं नाही. स्रोताजवळ सल्फेट आणि नायट्रेट कमी, विरघळलेलं लोह आणि मिथेन जास्त, कडेला परत मूळपदावर, असं चित्र दिसलं तर जीवाणू काम करताहेत. सोबत पट्ट्याची लांबी वर्षागणिक वाढत नसल्याचं दाखवावं लागतं. बेंझीनचे पट्टे बहुधा आखूड राहतात. १९९५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या गळक्या टाक्यांच्या अभ्यासात बहुतेक २५० फुटांच्या आत आढळले. एमटीबीईला हा भरवसा लागू नाही.

नवी_विहीर, ३ मायक्रोग्रॅम अमेरिकी मर्यादेच्या आत आहे, युरोपीय मर्यादेच्या बाहेर. तेव्हा कुठली मर्यादा लागू ते आराखड्याच्या पहिल्या पानावरच असलं पाहिजे.

---

मीटरताई

काम संपल्यावर विहिरी तशाच सोडू नका. पुढच्या गळतीला ती थेट खाली जायची वाट होते. बुजवताना बारीक नळी तळाला टेकवा, बेंटोनाइट-सिमेंटचं ग्राउट तिच्यातून सोडा आणि नळीचं टोक ग्राउटमध्ये बुडलेलं ठेवत हळूहळू वर ओढा. वरून बादलीने ओतलं की ते मध्येच अडकून पूल धरतं आणि खाली पोकळी राहते. किती लिटर लागायला हवं ते व्यास आणि खोलीवरून आधी काढून ठेवा. ५० मि.मी.ची १० मीटर विहीर म्हणजे सुमारे २० लिटर. १२ लिटरातच काठापर्यंत आलं तर खाली पूल धरलाय. दुसऱ्या दिवशी ग्राउट बसून खाली जातं, तेवढं परत भरा.